तपकिरी औषध, गुलाबी औषध आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी

शेजारच्या सुनेचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. एका तिन्हीसांजेला ती फोन घेऊन आमच्या पडवीत आली. विरारला असलेल्या भावाने तिला एक मेसेज पाठवला होता, आणि तो वाचल्यापासून तिचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. मला तो मेसेज नवा नव्हता. त्याआधीच्या महिन्यात तो माहेरच्या ग्रुपवर आला, मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर, आणि नंतर माझ्याच एका जुन्या सहकारी सिस्टरने ‘खरं आहे का गं?’ असं विचारत पाठवला. शेवटच्या वेळी मात्र मला रागच आला.

मेसेजचा मथळा ‘ऑपरेशनला जाताय? आधी हे वाचा’. मजकूर थोडक्यात असा. टाके पिकतात ते हॉस्पिटलच्या हलगर्जीमुळेच. कोकणातल्या छोट्या दवाखान्यांत अजून पोटाला तपकिरी औषध फासतात. जगात ते केव्हाच बाद झालं, मोठ्या ठिकाणी गुलाबी औषध असतं, तेव्हा तपकिरी दिसलं तर टेबलावरून उठा. कोळंबी-कुर्ल्यांची अ‍ॅलर्जी असेल तर तपकिरी औषध विषच, कारण दोन्हींत आयोडीन. केस घरूनच नव्या ब्लेडने साफ करून जा. सात दिवसांचं भारी अँटिबायोटिक मागून घ्या. घरी आल्यावर टाक्यांवर हळद लावा. हळदीचा गुण डॉक्टर दडवतात, म्हणून तर अमेरिकेने तिचं पेटंट घेतलं. मासे महिनाभर बंद. आणि शेवटी अर्थातच, पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.

तीस-एक वर्षं मी ऑपरेशन थिएटरात काढली, त्यातली बरीचशी तळकोकणात. डॉक्टर नाही, सिस्टर. पण चिरा घालण्याआधी पोटाला औषध लावायचं काम आमच्या हातून होतं किंवा आमच्या डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे या विषयावर बोलायचा माझा थोडा हक्क आहे असं मी धरून चालते.

सुनेची भीती मेसेजमधल्या एकाच ओळीवर अडकली होती. “मावशी, माका सुंगटां खाल्ली काय आंगार गांधी उठतत. मगे ता तपकिरी औषध माका चलात?”

तर आधी कोळंबी. ही समजूत या मेसेजने जन्माला घातलेली नाही, फार जुनी आहे. मी शिकत होते तेव्हा वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरसुद्धा ‘मासे चालतात का?’ असं विचारून मगच तपकिरी औषधाची, म्हणजे बेटाडीनची, बाटली उचलायच्या. दिसायला तर्क सरळ आहे: समुद्रातल्या जिवांत आयोडीन असतं, औषधातही आयोडीन, म्हणजे अ‍ॅलर्जी त्याचीच. पण कोळंबी, कुर्ल्या, शेवंड यांची अ‍ॅलर्जी येते ती मुख्यतः त्यांच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. हाडाच्या माशांची असेल तर ती वेगळ्या प्रथिनाची, पार्व्हाल्ब्युमिनची. म्हणून तर कित्येकांना कोळंबी सोसत नाही आणि सुरमई बिनघोर पचते. आयोडीनचा त्यात काही हात नाही. ते आपल्या शरीराला लागतंच. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी त्यावरच चालते आणि ते कमी पडू नये म्हणून सरकार मिठात घालायला लावतं. आयोडीनची खरीच अ‍ॅलर्जी असती तर या सुनेला पुड्यातल्या मिठाची आमटी खाऊनही गांधी उठायला हव्या होत्या.

आयोडीन पहिल्यांदा सापडलं तेही समुद्रातूनच. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा नावाचा माणूस समुद्रशेवाळाच्या राखेतून बंदुकीच्या दारूत लागणारा सोरा बनवायच्या उद्योगात होता. राखेत आम्ल जरा जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात समुद्र आणि आयोडीन यांची सांगड बसली आहे ती बहुधा अशीच कुठून तरी.

बेटाडीनने कुणालाच काही होत नाही असं मात्र नाही. काहींची कातडी लाल होते, खाजते, विशेषतः औषध पाठीखाली ओघळून चादरीत भिजून राहिलं तर. नवजात बाळाला ते जपून लावतात, कारण कातडीतून आत जाऊन थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. पूर्वी बेटाडीन लावूनच कधी त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. कोळंबीचंही सांगा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळ्याच अ‍ॅलर्जी माहीत असलेल्या बऱ्या. आणि ज्या गुलाबी औषधाला मेसेजने डोक्यावर घेतलंय त्याची, म्हणजे क्लोरहेक्सिडीनची, अ‍ॅलर्जी दुर्मीळ असली तरी येते तेव्हा फार जोरात येऊ शकते, अगदी रक्तदाब कोसळण्यापर्यंत. ते मेसेजमध्ये नाही.

आता रंगाचा मुद्दा. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, आणि तेच जास्त त्रासदायक आहे, कारण अर्ध्या सत्याला चिकटून बाकीचं खपतं.

पहिल्यांदा बाटल्यांत काय असतं ते. तपकिरी म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. १९५० च्या दशकात आलं. त्याआधी टिंक्चर आयोडीन असायचं, ते झोंबायचं. गुलाबी म्हणजे बहुतेक वेळा क्लोरहेक्सिडीन, अल्कोहोलात मिसळलेलं. तेही १९५० च्या दशकातलंच, ब्रिटनमधलं. म्हणजे एक जुनाट आणि एक आधुनिक हा भेदच खोटा, दोघं एकाच वयाची. शिवाय गुलाबी हा रंग कंपनी घालते, कुठे लावलं आणि कुठे राहिलं ते दिसावं म्हणून. निळ्या रंगाचंही मिळतं.

२०१० मध्ये अमेरिकेत ८४९ रुग्णांवर एक चाचणी झाली. अल्कोहोलातलं क्लोरहेक्सिडीन लावलेल्यांत ९.५ टक्के जखमा पिकल्या, पोव्हिडोन आयोडीन लावलेल्यांत १६.१ टक्के. आकडे मोठे होते, गाजले, आणि ‘तपकिरी बाद’ ही बातमी तिथूनच निघाली असावी. फक्त त्या चाचणीत एक गोम होती. क्लोरहेक्सिडीन अल्कोहोलातलं होतं आणि आयोडीन पाण्यातलं. अल्कोहोल स्वतःच झपाट्याने जंतू मारतं. मग जिंकलं कोण, क्लोरहेक्सिडीन की अल्कोहोल? म्हणजे एका बोटीला मशीन, दुसरीला नुसती वल्ही, आणि वर म्हणायचं की पहिल्या बोटीचं लाकूड चांगलं.

हे इतरांच्याही लक्षात आलं, म्हणून पुढे दोन्ही औषधं अल्कोहोलात घालून चाचण्या झाल्या. २०१६ मध्ये सिझर झालेल्या ११४७ बायकांत क्लोरहेक्सिडीन पुढे राहिलं, ४ टक्के विरुद्ध ७.३. पण २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत, हृदयाच्या आणि पोटाच्या ऑपरेशनांत, आयोडीनवाल्यांत ५.१ आणि क्लोरहेक्सिडीनवाल्यांत ५.५ टक्के, म्हणजे दोघं सारखीच. त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडात हाडं मोडलेल्या रुग्णांत, जिथे कातडी फाटलेली नव्हती तिथे, आयोडीनच सरस ठरलं, २.४ विरुद्ध ३.३. आणि आपल्याला सगळ्यांत जवळची म्हणजे २०२१ ची चाचणी: सात देश, त्यांत भारतही, पोटाच्या ऑपरेशनचे ५७८८ रुग्ण. एका बाजूला अल्कोहोलातलं क्लोरहेक्सिडीन, दुसरीकडे आपलं साधं पाण्यातलं तपकिरी. फरक सापडला नाही. शेकडा २२ जणांच्या जखमा मात्र पिकल्या, आणि त्या आकड्याने मला जास्त हलवलं. कारण तो सांगतो की जिथे गर्दी आहे, रोगी उशिरा येतो, आतडं फुटल्यावर येतो, तिथे बाटली बदलून भागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या सूचनांत अल्कोहोलातलं क्लोरहेक्सिडीन सुचवलंय, हे खरं. दोन्ही उपलब्ध असतील आणि साध्या, न फाटलेल्या कातडीवर चिरा असेल तर माझंही मत अल्कोहोलवाल्या बाटलीला. हे डॉक्टरांना विचारायलाही हरकत नाही. पण ‘तपकिरी दिसलं तर उठा’ हे कुठून आलं? अल्कोहोल डोळ्याला चालत नाही, उघड्या जखमेला चालत नाही, योनीमार्गाला चालत नाही. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळ्यात जो थेंब टाकतात तो पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनचाच असतो. क्लोरहेक्सिडीन डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होऊ शकते. आणि आमच्या या सुनेचं ऑपरेशन पिशवीचं. आतून स्वच्छ करायला सहसा तेच तपकिरी औषध वापरतात. मेसेज ऐकून ती खरंच टेबलावरून उठली असती तर डॉक्टरांनी काय समजूत घातली असती कुणास ठाऊक.

रंगापेक्षा ज्या दोन गोष्टी मी नव्या मुलींना ओरडून ओरडून शिकवल्या, त्या मेसेजमध्ये नाहीत.

एक म्हणजे वाळणं. औषध लावलं की जंतू मेले असं होत नाही, त्याला कातडीवर वेळ द्यावा लागतो. थिएटरात घाई असते, सर्जन हात धुऊन हातमोजे चढवून उभे, बाहेर दुसरा रोगी. मग कुणीतरी ओल्या पोटावरच ड्रेप, म्हणजे चिऱ्याभोवती अंथरायची निर्जंतुक चादर, टाकतं किंवा कोरड्या गॉजने औषध पुसून घेतं. पुसलं म्हणजे लावलेलं वाया. पाण्यातलं बेटाडीन तर आमच्याकडे पावसात वाळता वाळत नाही. जुलैत दोरीवरची लुगडी तीन दिवस ओली राहतात त्या हवेत, एसी नीट चालत नसेल तर, पोटावरचं औषध का लवकर वाळेल? मी चक्क भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून उभी राहायचे. एका सर्जनांनी मला ‘घड्याळवाली बाई’ नाव ठेवलं होतं, मागून. अल्कोहोलवालं औषध लवकर वाळतं, पण ते न वाळता कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायला विजेने डागायचं यंत्र, सुरू केली तर दुसरं संकट: पेट घेतं. बिनकेसाच्या कातडीवर निदान तीन मिनिटं थांबायचं, केसांत मुरलं असेल तर बराच जास्त वेळ. बेंबीत साचलेलं तर टिपूनच घ्यायचं. ड्रेपने वारा घालून वाळवणारे महाभागही पाहिलेत मी. वाऱ्याबरोबर धूळ उडते हे त्यांना कुणी सांगायचं!

बेंबीचं निघालंच आहे तर सांगते. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पहिलं छिद्र बहुतेक बेंबीपाशी. आणि आपल्याकडच्या बायकांच्या बेंबीत वर्षानुवर्षांचं खोबरेल तेल आणि मळ असतो, लहानपणी आईने घातलेल्या तेलाची सवय पुढे सुटत नाही. गुलाबी लावा नाही तर सोनेरी, मळाच्या खड्याखाली ते पोचत नाही. आदल्या दिवशी आंघोळीच्या वेळी साबणाच्या पाण्याने बेंबी कापसाच्या काडीने हलकेच साफ केलीत तर सिस्टर तुम्हाला मनातल्या मनात दुवा देईल.

दुसरी गोष्ट म्हणजे बाटली. फार वर्षांपूर्वी एका दवाखान्यात (नाव घेत नाही, आता ते तिथे तसं राहिलेलंही नाही) पाच लिटरच्या कॅनमधून छोट्या बाटलीत औषध ओतायची पद्धत होती. बाटली कधी रिकामी करून धुतली जायचीच नाही, अर्धी झाली की वरून भर. बाटलीच्या तोंडाला काळपट कड धरलेली. मी बोलले तर उत्तर मिळालं, “अहो, जंतू मारायच्या औषधात जंतू कसे होतील?” होतात. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत पोव्हिडोन आयोडीनमध्येच बर्कहोल्डेरिया सेपेशिया नावाचे जंतू जिवंत सापडले आणि त्यातून रुग्णांना संसर्ग झाला होता. म्हणून बाटली छोटी, उघडलेली तारीख लिहिलेली, आणि संपली की टाकून द्यायची. यात हलगर्जी होते, आणि तिथे मी मेसेजच्या बाजूने आहे.

पण टाके पिकतात ते ‘हलगर्जीमुळेच’, या ‘च’शी माझं भांडण आहे. पिकलेल्या जखमेतून जे जंतू निघतात ते पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच अंगावरचे असतात. स्टॅफिलोकोकस तर कित्येकांच्या नाकात कायम मुक्कामाला असतो. तो कातडीवर असतो, केसांच्या मुळाशी असतो, तेलाच्या ग्रंथींत दडलेला असतो. औषध वरचे मारतं, खोलातले काही उरतातच. कात्री-चिमटे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर घालता येतात, माणूस घालता येत नाही. उरलेल्यांना वाढायला संधी मिळू नये म्हणून बाकीची धडपड असते. साखर ताब्यात ठेवणं, तंबाखू आणि बिडी निदान महिनाभर आधी सोडणं, टेबलावर अंग गार पडू न देणं. हे शेवटचं लोकांना खरं वाटत नाही. १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० रुग्णांवर पाहिलं गेलं: ज्यांचं अंग ऊबदार ठेवलं त्यांत ६ टक्के जखमा पिकल्या, ज्यांचं गार पडू दिलं त्यांत १९. पांघरुणाने जेवढा फरक पडला तेवढा औषधांच्या भांडणातही दिसत नाही.

आणि आता ब्लेड. या मेसेजमधला सगळ्यांत वाईट सल्ला हा. मला सगळ्यांत जास्त बोलायचंय तेही यावरच, कारण हे पाप मीही केलेलं आहे.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्या वॉर्डात आदल्या संध्याकाळी न्हावी यायचा. पुरुषांचं तो करायचा, बायकांचं आम्ही. छातीपासून मांडीपर्यंत सगळं साफ, ‘पार्ट तयार करणं’ म्हणायचे त्याला. एखादा केस राहिला तर सकाळी सर्जन ओरडायचे. ब्लेडने थोडं कापायचं, थोडं रक्त यायचं, त्यावर स्पिरिटचा बोळा, रोगी ‘आई गं’ करायचा आणि आम्ही म्हणायचो, झालं झालं. ते कापलेलं रात्रभर तसंच राहायचं. ब्लेडने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे शेकडो ओरखडे उठतात, रात्रभरात त्यांत जंतू घर करतात, आणि सकाळी त्याच जागेवर आम्ही औषध फासून चिरा घालायला तयार! १९७१ सालच्या एका पाहणीत ब्लेडने केस काढलेल्यांत ५.६ टक्के जखमा पिकल्या होत्या. केस न काढलेल्यांत किंवा मलमाने काढलेल्यांत ०.६. म्हणजे मी शिकले त्याच्या कितीतरी आधी हे माहीत झालेलं होतं. आमच्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली, आणि कुणाकुणापर्यंत अजून पोचलेलं नाही.

आता नियम असा की केस आड येत नसतील तर काढायचेच नाहीत. काढावे लागले तर ट्रिमरने, तेवढ्याच जागेचे, ऑपरेशनच्या थोडं आधी. रेझर नको. नवा असला तरी नको. मेसेज म्हणतो हॉस्पिटलातलं ब्लेड अनेकांना वापरतात म्हणून घरचं नवं घ्या. पण दोष ब्लेडच्या जुनेपणात नाही, खरवडण्यात आहे. शिवाय घरी न्हाणीघरात, अंधुक दिव्यात, पोटाच्या खाली जिथे स्वतःला दिसतही नाही तिथे बायका लाजेपोटी घाईघाईने ब्लेड चालवतात. दुसऱ्या बाईसमोर हे करून घ्यायची लाज वाटते, मला कळतं ते. पण सिस्टरने आयुष्यात इतकं काही पाहिलेलं असतं की तिचं तुमच्याकडे लक्षही नसतं. त्या वेळी तिच्या डोक्यात बहुधा मुलाच्या शाळेची फी किंवा सुटायच्या वेळेची एसटी असते.

घरून करून जायचं ते एवढंच: आदल्या रात्री किंवा सकाळी साबण लावून स्वच्छ आंघोळ. साधा साबण चालतो. अंगाला तेल नको, पावडर नको, धुतलेले कपडे. हे ऐकून लोक हिरमुसतात. त्यांना काहीतरी महागडं ऐकायचं असतं.

महागड्यावरून अँटिबायोटिक. ‘सात दिवसांचं भारी मागून घ्या’. मागायचंच असेल तर एक डोस मागा, पण वेळेवर. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलातल्या २८४७ रुग्णांचे डोस कधी दिले गेले ते तपासलं गेलं. चिरा घालण्याआधीच्या दोन तासांत डोस मिळाला त्यांच्यात ०.६ टक्के जखमा पिकल्या. चिऱ्यानंतर तीन तासांहून उशिरा मिळाला त्यांच्यात ३.३. आणि दोन तासांहून बरंच आधी देऊन ठेवला त्यांच्यात ३.८. कापताक्षणी रक्तात औषध हजर असायला हवं, म्हणजे जंतू आत आला की समोर पहारेकरी. पाच दिवसांनी आणलेला पहारेकरी रिकाम्या घरावर बसतो. म्हणून साध्या, स्वच्छ ऑपरेशनला टाके घातल्यावर पुढचे डोस नकोत असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुलाब होतात, पैसे जातात, आणि औषधाला न जुमानणारे जंतू आपणच पाळतो. अपेंडिक्स फुटलंय, आत पू आहे, तिथली गोष्ट वेगळी. तो इलाज असतो आणि डॉक्टर लिहून देतील तितके दिवस घ्यायचा. मधेच बंद करू नका, पण हट्टाने लिहूनही घेऊ नका. आपल्याकडे पिशवीभर गोळ्या मिळाल्याशिवाय डॉक्टरने काही केलं असं वाटतच नाही, आणि डॉक्टरही मग देऊन टाकतात.

हळद. माझ्या आजीने बोट कापलं की हळदच दाबली आणि मला त्याचं काही वाईट झालं नाही, तेव्हा हळदीशी माझं वैर नाही. पण पेटंटची गोष्ट उलटी सांगितली आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, म्हणजे तेव्हा तिचे प्रमुख असलेल्या रघुनाथ माशेलकरांनी, ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. माशेलकर गोव्यातल्या माशेलचे, आपल्याच किनाऱ्याचे. आणि पुरावा म्हणून काय दाखवलं गेलं? जुने संस्कृत ग्रंथ, आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलेला लेख. डॉक्टरांच्या संघटनेनेच छापलेला! दडवायचं असतं तर छापलं कशाला असतं? पेटंट रद्द झालं ते ‘हे नवं नाही’ म्हणून. टाक्यांवर डब्यातली हळद भुरभुरवणं बरोबर, असा निकाल कुणी दिला नाही. शेतातून आलेली, अंगणात वाळवलेली, चक्कीवर दळलेली हळद निर्जंतुक नसते. मातीतल्या जंतूंचे बीजाणू तिच्यात असू शकतात. बोटावरच्या कापल्याला चालून जातं. पोटाच्या टाक्यांची रेघ आधीच बंद केलेली असते, तिला कोरडं आणि झाकलेलं ठेवायचं. हळद आमटीत घाला. जखम समुद्राच्या पाण्यात धुणाऱ्यांनाही हेच. खाऱ्या पाण्यात जंतू नसतात ही गैरसमजूत आहे. व्हिब्रिओ जातीचे जंतू कोमट खाऱ्या पाण्यातच वाढतात आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याच्या जखमेत शिरले तर जिवावर बेततं. टाके सुकेपर्यंत किनाऱ्यावर फिरायला जा, पाण्यात उतरू नका.

मासे महिनाभर बंद, वांगं बंद, नुसती पेज. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आपल्या घरांत प्रथिनं म्हणजे मासेच. ज्याची अ‍ॅलर्जी आहे ते सोडून बाकी सगळं, डॉक्टरांनी जेवायला परवानगी दिली की, खायचं. एवढंच.

मेसेजने एक गोष्ट सांगितलीच नाही, ती मी सुनेला कागदावर लिहून दिली. जखम पिकते ती बहुतेक वेळा हॉस्पिटलात नाही, घरी आल्यावर पिकते. पाचव्या, सातव्या, दहाव्या दिवशी, कधी महिनाभरातही. तोवर माणूस वाडीत आलेला असतो, रिक्षा मिळत नाही, हॉस्पिटल तासभर लांब, आणि शेजारीपाजारी सांगत असतात की थोडं पाणी येतंच. टाक्यांभोवती लाली पसरायला लागली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू किंवा घाण वास आला, ताप आला, टाका उसवला, तर त्याच दिवशी जायचं. हळद लावून दोन दिवस वाट बघायची नाही. आणि विचारायचे प्रश्न दोनच: माझी साखर किती आहे, आणि अँटिबायोटिकचा डोस चिऱ्याच्या आधी देणार ना? बाटलीच्या रंगाबद्दल काही विचारू नकोस म्हटलं, तुझ्या बाबतीत तपकिरीच लागणार आहे.

सोमवारी ऑपरेशन झालं. शुद्धीत होती ती, कंबरेत इंजेक्शन देऊन कंबरेखालचं बधिर केलेलं. संध्याकाळी नवऱ्याच्या फोनवरून बोलली: “पोटार काय लावल्यानी ता कळला नाय. पण ती बाई मोठ्यान वरडली, थांबा, वाळूंदे!” कोण सिस्टर होती ते विचारायचं राहून गेलं.

दहाव्या दिवशी तिने टाक्यांचा फोटो पाठवला. सरळ कोरडी रेघ, कुठे लाली नाही. खाली लिहिलं होतं, ‘बांगडो खाव काय?’